बाबांना सेहेचाळीस पडले

नायगाव, मुंबई १४
मंगळवार, ता. ३ मे १९६०

ती. सुंदराआत्या हिच्या पायांशी,

रघूचा डोकं टेकून नमस्कार. (आई म्हणाली जयभीम लिही. मी म्हटलं, आत्याला नमस्कार चालतो. मग तिनंच निवाडा दिला की नमस्कार आधी घाल आणि जयभीम मागून लिही, म्हणजे कुणाचाच मान जायला नको. तर जयभीम.) तुझे गुडघे कसे आहेत? गेल्या खेपेस पाठवलेलं तेल तू स्वतःला न लावता गाईच्या खांद्याला लावलंस असं कानावर आलं. गाईला गुण आला असेल तर तेही कळव, म्हणजे आणखी एक बाटली पाठवतो, पण ती तरी तुझ्यासाठी. परसातला फणस यंदा किती धरला, विहीर कितपत आटली, पडवीची कौलं चाळून झाली का, सगळं सविस्तर लिहिणे.

हे पत्र वाचून दाखवणारे आपले टपालवाले भिवातात्या, यांनाही नमस्कार. तात्या, तुमचा आवाज खणखणीत, त्यामुळे तुम्ही वाचायला बसलात की अर्धी वाडी आत्याच्या ओट्यावर गोळा होते हे मला ठाऊक आहे. म्हणून एवढीच विनंती की कंसातला मजकूर आधी मनातल्या मनात वाचावा आणि मग तोंडातून काढायचा की नाही ते ठरवावं.

आत्या, घरी सर्व ठीक आहे. (तात्या, ती बसली आहे ना? उभी असेल तर बसवा. पाण्याचा तांब्या जवळ असू द्या.) घाबरण्यासारखं काही नाही. घाबरण्यासारखं जे होतं ते होऊन अठरा दिवस झाले, आणि ज्याला झालं तो माणूस काल संध्याकाळी पेज पातळ झाली म्हणून आईशी अर्धा तास वाद घालत होता. तेव्हा पुढचं सगळं तू हे ध्यानात धरूनच ऐक. तू पत्रात आईची चौकशी करतेस, माझी करतेस, गेल्या वेळी तर आमच्या मांजरीच्या पिल्लांचीही केलीस. फक्त बाबांचं नाव तुझ्या पत्रात येत नाही. तीन वर्षं झाली त्याला. ते तुम्हा बहीणभावंडांचं तुमच्यापाशी, मी मध्ये पडत नाही. पण या पत्रात त्यांचं नाव घेतल्यावाचून माझा इलाज नाही, कारण सगळा घोळ त्यांच्या रक्ताचा झाला.

आधी माझ्या कामाचं सांगतो. मागे मी तुला सांगितलं तेव्हा तू वाडीत सांगत सुटलीस की रघू मुंबईत माणसांचं रक्त काढतो, आणि गेल्या शिमग्याला मी आलो तर पोरं मला बघून पळत होती. तर पुन्हा सांगतो. परळच्या इस्पितळात एक प्रयोगशाळा आहे, तिथं मी रक्त तपासतो. हल्ली एक नवी तपासणी आली आहे. छातीत दुखतं म्हणून माणूस आला की त्याच्या काळजाला खरंच इजा झाली की नुसता वायू धरला, हे बाहेरून पटकन कळत नाही. काळजाच्या मांसाला इजा झाली, की त्यातला एक पदार्थ रक्तात झिरपतो. तो किती झिरपला हे आम्ही रंगावरून मोजतो आणि आकडा लिहून वर वॉर्डात पाठवतो. चाळीसच्या आत असला तर बहुधा सुटका. शंभराच्या पुढे गेला तर खाटेवरून उठायचं नाही. डोकं खातात ते मधले. चाळीसच्या जरासे वर असतात, आणि त्यांना धड होय म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. त्यातून हा पदार्थ काही एकट्या काळजाची मालमत्ता नाही. तो यकृतात असतो, हातापायांच्या मांसात असतो, आणि रक्ताच्या तांबड्या पेशींतसुद्धा असतो. दुखणं आल्यावर तो वर चढायलाही वेळ लागतो, सहा तास, बारा तास, कधी जास्त. तेव्हा मधला आकडा आला की आमच्या डॉक्टरांचा चेहरा मंगळसूत्र विसरून आलेल्या नवरदेवाच्या बापासारखा होतो.

आता चौदा एप्रिलकडे येतो. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. आमच्या चाळींची मिरवणूक दरवर्षी निघते, पण यंदा संयुक्त महाराष्ट्र मिळणार हे पक्कं झालेलं, त्यामुळे उत्साह दुप्पट. आईनं बाबांना आठ दिवस आधीच बजावलं होतं की तुमचं वय चोपन्न, तुम्ही खुर्चीवर बसून मुलांना सरबत वाटायचं. बाबांनी कबूल केलं. रात्री परत आले आणि सरबत फार छान झालं होतं म्हणाले. आईनं विश्वास ठेवला. (बाबांना गोड सरबत आवडत नाही हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं, असं ती आता म्हणते.)

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, ख्रिस्ती लोकांचा गुड फ्रायडे. इस्पितळाला सुट्टी, प्रयोगशाळेत मी एकटा. साडेदहाच्या सुमाराला वॉर्डातून निरोप आला की छातीच्या दुखण्याचा माणूस आला आहे, रक्त घ्यायला ये. मी नळ्या घेऊन गेलो तर खाटेवर बाबा. सदरा घामानं भिजलेला, चेहरा राखेसारखा, आणि शेजारी आई हातात त्यांच्या चपला धरून उभी. सकाळी सातला नळावर बादली उचलताना छातीत आवळल्यासारखं झालं, डावा हात जड पडला आणि ते जिन्यातच बसले. मला बघून म्हणाले, तू कशाला आलास, काम टाकून. जसा काही मी दुसऱ्याच कामाला तिथं राहिलो होतो.

आत्या, मी दिवसाला वीस-पंचवीस माणसांचं रक्त काढतो. लहान मुलांचं काढतो, शिरा बुजलेल्या म्हाताऱ्यांचं काढतो. बाबांनी सगळ्या चाळीत सांगून ठेवलं आहे की माझ्या रघूची सुई टोचली तरी कळत नाही. तो हात मी हातात घेतला. तीस वर्षं माग चालवलेला, दोरखंडासारख्या शिरा वर आलेला हात. आंधळ्यानंही पहिल्या फटक्यात शीर पकडावी असा. माझी सुई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागली तेव्हा माझा हात इतका थरथरत होता की मी दट्ट्या नको तितका जोरात ओढला आणि रक्त नळीत पिचकारीसारखं सोडलं. असं केलं की तांबड्या पेशी फुटतात. रक्त गोठून वर जे पाणी सुटतं ते पिवळसर, गवतकाडीच्या रंगाचं असायला हवं. बाबांचं आलं ते पातळ सोलकढीसारखं गुलाबी.

मला कळत होतं की ही नळी टाकून द्यायची आणि पुन्हा रक्त घ्यायचं. पण पुन्हा त्यांच्यापुढे सुई घेऊन जायचं माझ्यानं होईना. मी तीच तपासली. सेहेचाळीस आले. कागदावर सेहेचाळीस लिहिले. त्याच्यापुढे 'नमुना खराब' असं लिहायचा नियम आहे. ते मी लिहिलं नाही. तुला खोटं कशाला सांगू, लाज वाटली.

वॉर्डात डॉक्टर कोठारेबाई होत्या. गिरगावच्या, वयानं माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठ्या, अंगानं काडी, पण त्या चालत आल्या की वॉर्डबॉय आपोआप बटणं लावतात. त्यांनी विजेच्या यंत्रावर काळजाची पट्टी काढली होती, तीही अशीच अर्धवट, बिघडलेली म्हणावी तर तशी नाही आणि चांगली म्हणावी तर तशीही नाही. त्यांनी माझा कागद बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. बाबांनी विचारलं, किती पडले. त्या म्हणाल्या, सेहेचाळीस, चाळीस ही मर्यादा. एव्हाना दुखणं कमी झालेलं, त्यामुळे बाबांना तरतरी आली होती. त्यांनी आईकडे बघितलं आणि सांगितलं की पासाला चाळीस लागतात, मला सहा जास्तच पडले. बाईंनी समजावलं की हे परीक्षेचे मार्क नव्हेत, हा आकडा सीमेवरचा आहे. झालं. चार वर्षं समितीच्या सभांना जाऊन घसा बसवलेला माणूस तो. ते म्हणाले, सीमेवरचा म्हणजे आपलाच. पलीकडच्या खाटेवर निपाणीचे एक गृहस्थ होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाईंनी दोघांना गप्प केलं.

मग कोठारेबाईंनी स्टूल ओढलं आणि चौकशी सुरू केली. ही चौकशी मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, दारू घेता का? बाबा ताडकन उठूनच बसायला निघाले. त्यांनी बाईंना सांगितलं की मी दीक्षा घेतलेला माणूस आहे, सतरावी प्रतिज्ञा दारू पिणार नाही अशी आहे, आणि मी तिला तीन वर्षांत धक्का लागू दिलेला नाही. बाईंनी माफी मागितली. मग विचारलं, दोनचार दिवसांत अंगमेहनतीचं काही केलंत? बाबा छताकडे बघायला लागले. बाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा हळूच बाहेर पडलं की काल मिरवणुकीत तसबिरीच्या गाडीला भाड्यानं आणलेला बैल बँड वाजायला लागल्यावर रस्त्यात फतकल घालून बसला, कुणालाच हलेना, म्हणून त्याला सोडून जू यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दुसऱ्या बाजूला कोण कोण आलटून पालटून होते. बाबा मात्र एकटेच कायम. नायगाव ते दादर चौपाटी, आणि परत.

आईनं चपला खाली ठेवल्या. तिनं एवढंच विचारलं, "आणि खोटं बोलणार नाही ही कितवी?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. (आम्हाला क्षणभर वाटलं पुन्हा दुखायला लागलं. नव्हतं.)

पण बाईंची चौकशी आईपर्यंतही आली. सकाळी सातपासून दहापर्यंत काय केलंत? आई आधी काही नाही म्हणाली. मग म्हणाली, ओव्याचा काढा दिला. मग म्हणाली, शेजारच्या शामरावांना बोलावलं. शामराव पूर्वी तालमीत होते. त्यांचं मत असं की छातीत अडकलेला वायू रगडून काढावा लागतो, म्हणून त्यांनी गुडघा टेकवून अर्धा तास बाबांची छाती आणि खांदे रगडले. त्यानं उतार पडेना तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून दंडात एक सुई मारून घेतली. कसली ते डॉक्टरनं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. हे सांगताना आई रडायला लागली. तिला वाटलं तिच्याच हातून काही वाईट झालं. कोठारेबाईंनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की तुम्ही त्यांना इथं आणलंत, ते सगळ्यात चांगलं केलंत.

हे बघितल्यावर माझ्यानं राहवेना. गाडी ओढलेल्यानं सांगितलं, सुई देवविणारीनं सांगितलं, आणि ज्यानं नळी बिघडवली तो मी कोट घालून गप्प उभा. मी बाईंना बाजूला नेऊन सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सगळं तिथंच, बाबांच्या समोरच बाहेर पडलं. बाई रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, नळी कुठे आहे? मी आणून दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, आता या सेहेचाळिसाला काही किंमत नाही, वाईट म्हणायला नाही आणि चांगलं म्हणायलाही नाही. दुखणं सुरू होऊन तेव्हा चार तासही झाले नव्हते. पाच वाजता पुन्हा घेऊ.

इकडे बाबांचा मात्र खटला निकालात निघाला होता. गाडीनं मांस दुखावलं, शामरावानं रगडलं, डॉक्टरनं टोचलं, पोरानं नळी हलवली. चार चोर सापडले, आता घरमालकाला कशाला कोठडीत ठेवता, असं त्यांचं म्हणणं. आईलाही ते पटलं. खरं सांगू, मलाही पटलं. पटावं असंच मला वाटत होतं. आईनं पिशवी भरली, बाबांनी चपला मागितल्या.

कोठारेबाई आल्या. बाबांनी त्यांना हात जोडून विचारलं की आता तुम्हीच सांगा, माझ्या काळजाला काही झालंय का. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. माहीत नाही, म्हणूनच मी तुम्हाला जाऊ देत नाही."

आत्या, मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते पायांत घातलेली चप्पल काढून पुन्हा आडवे झाले. नंतर मला म्हणाले की मी आजवर बघितलेल्या प्रत्येक डॉक्टरला, मुकादमाला आणि पुढाऱ्याला सगळं माहीत होतं, मला माहीत नाही म्हणणारं हे पहिलंच माणूस, हिच्या हाताखाली मी राहतो.

आता पाचच्या रक्ताचा प्रश्न. मी काही घेणार नव्हतो. आमच्या प्रयोगशाळेचे वरिष्ठ डिमेलोसाहेब खोताच्या वाडीत राहतात. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी आहे, तिथं मी टेलिफोन करून निरोप ठेवला, आणि ठेवल्यावर आठवलं की आज त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दुःखाचा दिवस, ते चर्चमध्ये असणार. ते येणार नाहीत असं धरून मी बसलो होतो. पावणेपाचला साहेब काळ्या सुटात, काळा टाय लावून, सकाळपासून अन्नाचा कण पोटात नसताना ट्रामनं परळला हजर. प्रार्थना संपली तसे तडक आले होते. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, तुझा बापूस तो, मग मी येनार नाय तर कोन? त्यांनी बाबांच्या शिरेत सुई घातली आणि बाबा त्यांना गिरगावात जागेचं भाडं किती असतं ते विचारत राहिले. कळलंच नाही. नळीतलं पाणी वर आलं ते स्वच्छ, तुपासारखं.

आणि आकडा आला अठ्ठेचाळीस.

मला आनंद झाला. मी साहेबांना म्हटलं की दोनच वाढले, एवढा फरक आपल्या यंत्रातच असतो. साहेब म्हणाले, खरं आहे. पण पहिला साक्षीदार झिंगलेला होता, दुसरा शुद्धीवर आहे, आणि शुद्धीवर असून तेच सांगतो आहे, हे विसरू नको. बिघडलेली नळी आकडा खोटाच वाढवते. म्हणजे सकाळचा खरा आकडा सेहेचाळिसाच्या खालीच असणार, आणि आता खरोखर अठ्ठेचाळीस. मग तो चढतो आहे की नाही? मी कागद पुन्हा हातात घेतला. इतके महिने ही तपासणी मी करतो, लोकांच्या बापांची करतो. तेव्हा मला हे एका क्षणात कळलं असतं. कोठारेबाईंनीही तेच सांगितलं, की एकटा आकडा वाचायचा नसतो, तो कुठून आला आणि कुठे चालला आहे हे बघायचं. उद्या सकाळी उतरला तर घरी, चढला तर दीड महिना खाट. शामरावांनी रगडलं तेही खरंच असेल, गाडीही खरीच असेल, पण त्यामुळे काळीज खोटं ठरत नाही. (तात्या, हे वाक्य दोनदा वाचलंत तरी चालेल.)

शनिवारी सकाळी सहा वाजता बाबांना पुन्हा कळ आली. आदल्या दिवसापेक्षा मोठी. आत्या, मी त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की ते घरी जिन्यात नव्हते, खाटेवर होते, नर्स चार पावलांवर होती, नाकाला लावायचा प्राणवायू उशाशीच होता, आणि कोठारेबाई केस न विंचरता धावत आल्या. अर्ध्या तासानं त्यांचा श्वास सरळ झाला. डिमेलोसाहेबांनी रक्त घेतलं आणि तपासायला माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, साहेब तुम्हीच करा. ते नाही म्हणाले. काटा मी तीनदा वाचला. एकशेचार.

कागद मीच वर नेला. यावेळी त्याच्यावर जे जे लिहायचं ते सगळं लिहिलं होतं. बाबा जागे होते. त्यांनी खुणेनं विचारलं, किती. मला सांगायला मनाई होती, तरी मी सांगितलं. मला वाटलं आता मार्कांचा विनोद करतील. त्यांनी माझा हात ओढून घेतला, उजवा, सुई धरतो तो, आणि म्हणाले, "हात कापला तर कापू दे रे. तोंड नाही कापलं तुझं, बस झालं."

मग मी नळ्या धुवायच्या मोरीपाशी जाऊन दहा मिनिटं उभा राहिलो.

तर आत्या, असं सगळं. आता बाबांची प्रकृती सुधारते आहे. तिसऱ्या दिवशी आकडा दीडशेवर जाऊन आला आणि मग उतरत उतरत आठवड्यानं चाळीसच्या आत बसला. पण दीड महिना अंथरुणातून उठायचं नाही, हात वर करायचे नाहीत, दाढीसुद्धा दुसऱ्यानं करायची. ही शिक्षा बाबांना दुखण्यापेक्षा जड जाते. दाढी निपाणीचे गृहस्थ करतात, कारण ते बरे होऊन हिंडायला लागले आहेत, आणि त्या मोबदल्यात बाबांना रोज त्यांच्या गावाविषयी दोन चांगले शब्द बोलावे लागतात. परवा एक मेला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजले, वॉर्डातले सगळे उठून उभे राहिले. बाबांना बाईंनी डोळ्यांनी दरडावलं. तेव्हा त्यांनी झोपल्या झोपल्याच दोन्ही पाय जुळवून, हात मांड्यांना चिकटवून सावधान केलं आणि भोंगे थांबेपर्यंत तसेच राहिले. शामराव रोज भेटायला येतात, पण आई त्यांना खाटेपासून दोन हात लांब बसवते.

तू काळजी करू नकोस. गुडघ्यांना तेल लावत जा. फणस पिकला तर आमची आठवण काढून खा. वाडीतल्या सर्वांना जयभीम, ज्यांना नमस्कार हवा त्यांना नमस्कार.

तुझा,
रघुनाथ कोंडीराम गमरे

ता. क. आत्या, हे पत्र नुसतं खुशाली कळवायला लिहिलेलं नाही. त्या शनिवारी कळ आली तेव्हा बाबांनी आईला हाक मारली नाही, मलाही मारली नाही. ते "बाय गो, बाय" म्हणत होते. आई उशाशी होती, तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तर म्हणाले, असं काही म्हटलंच नाही. पंधरा दिवस आई मला रोज सांगते आहे, तिला लिही. तू बाबांना लहानपणी कडेवर घेऊन नदी ओलांडायचीस हे मला आईकडूनच कळलं, त्यांनी कधी सांगितलं नाही. आत्या, तू ये. बाणकोटहून बोट आहे, पण पावसाच्या आत बोटी बंद होतील, म्हणून महिनाअखेरीपर्यंत थांबू नकोस. मी भाऊच्या धक्क्यावर उभा राहीन. बाबांना या पत्राचं काही ठाऊक नाही. तू आपणहून आलीस असंच आपण त्यांना सांगू.

ता. क. दुसरा. ठाऊक झालं. मी पत्र त्यांच्या उशाशी ठेवून औषध आणायला गेलो होतो. रात्रीच्या वर्गात बाबा अक्षरं शिकले तेव्हापासून त्यांच्यापुढे लिहिलेला कागद ठेवायची सोय राहिली नाही. एका एका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी सगळं वाचून काढलं, दीड तास लागला. बैल फतकल घालून बसला नव्हता, उभाच होता, एवढी दुरुस्ती सांगितली. मग पेन्सिल मागितली. हात वर करायचे नाहीत म्हणून आईनं कागद त्यांच्या पोटावर धरला. खालचं अक्षर त्यांचं आहे. मी एकही काना दुरुस्त केलेला नाही.

बाय, मी कोंडू. रगूने लिवलाय त्यातला निमा खोटा हाय. मला काय पन झालेला न्हाय. आयेच्या देव्हाऱ्यातले टाक मी खाडीत सोडले ते बराबर केले, ते मी आज पन सोडीन. तुला न ईचारता सोडले ते चुकला. तीन वर्सा मला लिवाला येत नवता म्हनून लिवला न्हाय. येत व्हता, पन लिवला न्हाय. तू येव नको. तुला बोट लागते. निगताना लिंबू जवळ ठेव.